शिवनेरीचा जन्म, महाळुंग्याचा जन्म : स्फूर्तिदायक चरित्रवाङ्मयातील दैवकल्पना

१

मराठीत ज्याला आपण स्फूर्तिदायक वाङ्मय म्हणतो त्याचा फार मोठा भाग चरित्रांनी व्यापलेला आहे. चरित्रकाराला पहिल्याच प्रकरणात एका प्रश्नाला तोंड द्यावे लागते. ज्या पुरुषाचे चरित्र सांगावयाचे तो जन्मतःच थोर होता, की आपल्या कृतीने थोर झाला? पहिले उत्तर दिले म्हणजे नायकाची प्रभा वाढते. परंतु वाचकाच्या हाती वंदन करण्यापलीकडे काही उरत नाही. ज्याचे थोरपण आधीच ठरलेले होते त्याचे अनुकरण कोण आणि कसे करणार? दुसरे उत्तर दिले म्हणजे वाचकाला वाट मोकळी होते. परंतु मग अपयशी माणसाला ‘तुझाच प्रयत्न कमी पडला’ असे सुनावण्याचा कठोरपणाही त्याच तर्कातून निघतो. स्फूर्ती देऊ इच्छिणाऱ्या लेखकाला दैव धरता येत नाही आणि सोडताही येत नाही, अशी ही अडचण आहे.

या अडचणीचा इतिहास पाहण्यास जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्यातील दोन शेजारचे तालुके फार सोयीचे आहेत. शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेस, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजी, जुन्नरजवळच्या शिवनेरी किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. १९०८ साली आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ या गावी एका गरीब शेतकऱ्याच्या घरी बाबू गेनू सैद यांचा जन्म झाला. पहिल्या जन्माभोवती तीन शतके दैवी संकेतांची दाट गुंफण होत आली. दुसऱ्या जन्माच्या वेळी काय शकुन झाले हे कोणी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. तरीही दोन्ही चरित्रे शाळकरी मुलांना स्फूर्ती देण्यासाठीच सांगितली जातात. या दोन जन्मांच्या मध्ये दैववाचक शब्दांचा आणि त्यांमागील समजुतीचा जो प्रवास झाला, त्याचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम शब्दांकडे वळू. ‘भाग्य’ हा शब्द ‘भज्’ या धातूपासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ वाटून देणे, आणि म्हणून भाग्य म्हणजे ज्याच्या त्याच्या हिश्शाला आलेला भाग. ‘नशीब’ हा अरबी ‘नसीब’ शब्दाचा मराठी अवतार होय. इकारापूर्वीच्या सकाराचा शकार करण्याची मराठीची सवय शिवणे, शिजणे या देशी शब्दांत जशी दिसते, तशीच ती नशीब, मशीद, हशील या परक्या शब्दांतही दिसते. यावरून हा शब्द आपल्या जिभेवर किती मुरला आहे ते कळते. या अरबी शब्दाचा अर्थही हिस्सा किंवा वाटा असाच आहे. ‘किस्मत’ हा शब्द वाटणी करणे या अर्थाच्या अरबी धातूपासून निघाला आहे. आणि संस्कृत व अरबी या दोन्हींचा आधार न घेता निव्वळ मराठीत बोलावयाचे झाले तर आपण काय म्हणतो? ‘दुःख वाट्याला आले.’ परस्परांशी काही नाते नसलेल्या भाषांनी दैवाची कल्पना वाटणीच्या कल्पनेतूनच उभी केली, ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

हे साम्य केवळ अर्थापुरते राहत नाही. जुन्या मराठी कागदपत्रांत वतनाच्या वाटणीला ‘तक्षीम’ म्हणतात. पाटीलकीच्या अमुक तक्षिमा, अमुक भावाची थोरली तक्षीम, अशी भाषा वतनपत्रांत पदोपदी आढळते. ही ‘तक्षीम’ आणि ती ‘किस्मत’ या दोन्ही शब्दांचा अरबी धातू एकच आहे. ज्या समाजात जमीन, मान, शिवाराचा हक्क, होळीच्या पोळीचा अग्रक्रम, सारे काही जन्माने ठरलेल्या वाट्याने मिळत असे, त्या समाजात आयुष्यही एक वाटाच आहे असे वाटले तर त्यात आश्चर्य नाही. दैव हे आकाशातून उतरले असे आपण समजतो. शब्दांची साक्ष काढली तर ते गावाच्या वाटणीतून आकाशात चढलेले दिसते.

दुसरा गट ‘कर्म’ आणि ‘प्रारब्ध’ यांचा. ‘कर्म’ म्हणजे केलेले कृत्य. परंतु कपाळावर हात मारून ‘कर्म माझे!’ असे म्हणणारी बाई आपण काही केले असे सांगत नसते, आपल्यावर काही ओढवले असे सांगत असते. ‘प्रारब्ध’ या शब्दाचा प्रवास याहून विलक्षण आहे. तो ‘प्र’ आणि ‘आ’ या उपसर्गांसह ‘रभ्’ धातूचे भूतकालवाचक कृदंत आहे. अर्थ केवळ ‘आरंभिलेले’. ज्याचा आरंभ झाला आहे त्याला मध्य आणि शेवट असावयाचा. तो घडविणाराही असावयाचा. व्यवहारात मात्र प्रारब्ध म्हणजे जे बदलता येत नाही ते. वेदान्ताने कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भेद केले. यांपैकी पहिले दोन शब्द खेड्यापाड्यांतील बोलण्यात उतरले. क्रियमाण, म्हणजे आता या घटकेला आपण करीत आहो ते कर्म, हा शब्द मात्र कीर्तनकार आणि शास्त्री यांच्याजवळच राहिला. लोकभाषेने तिजोरीतील साठा आणि त्यातून सुटलेले चलन घेतले. टांकसाळ घेतली नाही.

३

या प्रदेशातील सर्वांत जुने लेखन पाहिले तर तेथे कर्माचा अर्थ अजून करणे हाच आहे. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्राकृत लेख आहे. तो सुमारे इ. स. पूर्व पहिल्या शतकातील मानला जातो. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन करून लेख पुढे जातो तो यज्ञांची आणि दक्षिणेची यादी देतो: इतक्या गाई, इतके घोडे, इतके कार्षापण. चंद्रसूर्य येथे वंदनीय देवता आहेत. कोणाच्या जन्मावर नजर ठेवणारे ग्रह नाहीत. राजघराण्याचे मोठेपण त्याने काय केले आणि काय दिले यावरून सांगितले आहे.

जुन्नरच्या सभोवती मानमोडी, शिवनेरी, तुळजा आणि लेण्याद्री या डोंगरांत दोनशेच्या वर शैलगृहे खोदलेली आहेत. त्यांतील लेखांत ‘देयधम’, म्हणजे धर्मार्थ दिलेली वस्तू, हा शब्द वारंवार येतो. दाते कोण आहेत? इरिल, चिट, चंद या नावांचे यवन, महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम, ज्याच्या लेखात ४६ हे वर्ष दिले आहे, धान्यव्यापाऱ्यांची श्रेणी. बांबूचे काम करणारे आणि काशाचे काम करणारे यांच्या श्रेणींकडे पैसा ठेवून त्याच्या व्याजातून दानाची व्यवस्था केल्याचेही उल्लेख आहेत. परदेशी, राजसेवक आणि कारागीर या तिघांचीही समजूत एकच दिसते: आज पाण्याची पोढी खोदविली तर तिचे पुण्य पुढे आपल्या कामी येईल. भविष्य हे येथे लिहून ठेवलेले नाही. ते श्रेणीकडे ठेवलेल्या ठेवीसारखे आपल्या हाताने जमविण्याचे आहे. कर्मसिद्धान्त मुळात प्रयत्नवादाचा शत्रू नव्हता हे सांगण्यास ग्रंथांपेक्षा हे दगड अधिक बोलके आहेत.

४

त्याच डोंगरांपैकी एकावर सुमारे पंधरा शतके लोटल्यावर जो जन्म झाला, त्याच्या वर्णनात मात्र ग्रहांना अग्रस्थान मिळाले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने कवींद्र परमानंदाने रचलेले ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य तंजावर येथे उपलब्ध झाले आणि १९२७ साली सदाशिव महादेव दिवेकर यांनी ते मराठी भाषांतरासह प्रसिद्ध केले. त्याच्या सहाव्या अध्यायात जन्मशक भू, बाण, प्राण आणि चंद्र या संकेतशब्दांनी दिला आहे. त्यांचे अंक एक, पाच, पाच, एक असे होऊन १५५१ हा शक निघतो. पूर्वीच्या काही बखरींनी १५४९ हा शक दिला होता; लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेली जेधे शकावली आणि हे काव्य यांच्या मेळाने १५५१ हा शक सबळ ठरला. म्हणजे परमानंद कालनिर्देशात अत्यंत विश्वसनीय ठरतो.

परंतु त्याच श्लोकसमूहात जन्मसमयी पाच ग्रह उच्चस्थानी असल्याचे तो सांगतो. हे विधान शब्दशः घेतले तर काय होते ते पाहावे. फाल्गुन वद्य तृतीयेस सूर्य कुंभ राशीत असतो. त्याचे उच्चस्थान मेष. बुध सूर्यापासून अठ्ठावीस अंशांपलीकडे जात नाही, म्हणून तो आपल्या उच्चस्थानी, कन्येत, असू शकत नाही. वद्य तृतीयेचा चंद्र सूर्याच्या जवळजवळ समोर, कन्येच्या आसपास असतो. त्याचे उच्चस्थान वृषभ. राहुकेतू सोडून सात ग्रहांपैकी तीन असे वगळले गेले म्हणजे चारच उरतात; पाच उच्चग्रह त्या तिथीस संभवतच नाहीत. मग परमानंदाने असे का लिहिले? उत्तर काव्यपरंपरेत आहे. वाल्मीकीने रामाच्या जन्मवेळी आणि कालिदासाने ‘रघुवंशा’त रघूच्या जन्मवेळी पाच ग्रह उच्चस्थानी असल्याचे सांगितले आहे. परमानंद येथे पंचांग मांडीत नाही. नव्या राजाला रघुकुळाच्या पंक्तीत बसवीत आहे. तिथी हा इतिहास आहे, ग्रह हा अलंकार आहे. दोन्ही एकाच वाक्यरचनेत आल्यामुळे पुढील वाचकाला ते सारख्याच वजनाचे वाटले, एवढेच.

या अलंकाराला त्या काळी प्रयोजनही होते. ज्या घराण्याच्या राज्याधिकाराला पूर्वपरंपरा नाही असे म्हटले जात होते, त्याच्या बाजूने दैवाची साक्ष काढणे हा युक्तिवादाचाच एक प्रकार होता. वतनाच्या समाजात नवा वाटा मागावयाचा तर त्याचा दस्तऐवज दाखवावा लागतो. कवीने तो आकाशातून आणला.

सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे राजाराम महाराजांसाठी कृष्णाजी अनंत सभासद याने बखर लिहिली. तीत शंभुमहादेवाचा दृष्टांत आहे आणि स्वतः महादेवच अवतरल्याचे सांगितले आहे. पुढे मालोजीराजांना देवीने द्रव्य दाखविल्याची आणि सत्तावीस पिढ्यांच्या राज्याचे भविष्य सांगितल्याची कथा वाढली. परंतु सभासदाची बखर काळजीपूर्वक वाचणाऱ्यास एक गोष्ट जाणवते. दृष्टांताची पाने थोडी. किल्ल्यांची व्यवस्था, हवालदार, सबनीस आणि कारखानीस यांची कामे, जमिनीची मोजणी, वतनदारांच्या वाड्याहुड्यांचा बंदोबस्त यांची पाने पुष्कळ. जन्म दैवाने सांगितला. राज्य मात्र तपशिलाने सांगितले. वतनदारांविषयी हीच सावध दृष्टी अठराव्या शतकाच्या आरंभीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आहे. जन्मसिद्ध वाट्यावर हक्क सांगणाऱ्यांना आवर घालणे हे ज्या राज्याचे धोरण होते, त्याच्या संस्थापकाचे मोठेपण जन्मसिद्ध वाट्याने सिद्ध करावे, हा विरोध बखरकारांच्या ध्यानात आलेला दिसत नाही.

५

संतवाङ्मयाने या प्रश्नाला वेगळे वळण दिले. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे, तुकोबांचे गुरू मानल्या गेलेल्या बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांच्या अभंगांत संचित आणि प्रारब्ध हे शब्द वारंवार येतात. अनंताने ठेवील तसे राहावे, चित्तात समाधान असावे, हा उपदेश सर्वांना परिचित आहे. परंतु तेच तुकोबा अभ्यासाने असाध्यही साधते असे बजावतात. यात विसंगती आहे असे म्हणणाऱ्याने दोन्ही उपदेशांचे विषय पाहावेत. समाधान सांगितले आहे ते भोगाविषयी; सायास सांगितले आहेत ते साधनेविषयी. जे आले ते सोसण्याला आधार म्हणून दैव, जे करावयाचे त्याला आधार म्हणून अभ्यास, अशी ही कामाची वाटणी आहे. एकाच्या जागी दुसरे आणले म्हणजे घोटाळा होतो.

समर्थ रामदासांनी याहून धीट काम केले, आणि ते भाषेच्या पातळीवर केले. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकात करंट्याची लक्षणे सांगणारा एक समास असून त्याच्या लागोपाठ सदेवाची लक्षणे सांगणारा समास आहे. ‘करंटा’ म्हणजे दैवहीन आणि ‘सदेव’ म्हणजे दैवयुक्त. दोन्ही शब्द दैवाचे. परंतु लक्षणे जी दिली आहेत ती ग्रहांची नाहीत, हातपायांच्या रेषांची नाहीत. ती वागणुकीची आहेत. आळशी, भांडखोर, शिकण्यास नाखूष तो करंटा. साक्षेपी, नेटका, दुसऱ्याचे अंतर राखणारा तो सदेव. जुने नाणे तसेच ठेवून त्याची किंमत बदलावी तसा हा प्रकार आहे. मात्र या पालटात एक धोकाही दडलेला होता. करंटेपण हे वागणुकीचे फळ असे एकदा ठरले की ज्याला उपाशी राहावे लागते तो आपल्या दोषानेच उपाशी राहतो, असे म्हणण्याची सोय झाली. समर्थांचा रोख साधकांना आणि महंतांना उभारी देण्याकडे होता. पुढे हेच शब्द धनवंतांनी निर्धनांविषयी वापरले.

६

ग्रंथांखाली लोकाचाराचा एक थर आहे. मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईची पूजा होते. पाट्यावर देवीची मांडणी करून जवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे आयुष्य लिहून जाते अशी समजूत आहे. ‘सटवाई’ किंवा ‘सटवी’ हा शब्द षष्ठीपासून आला आहे. हिंदीत त्याच मूळ शब्दाचे ‘छठी’ झाले, मराठीत आरंभी सकार राहिला, जसा तो ‘सहा’ या संख्यावाचकातही राहिला आहे.

या विधीतील कोरा कागद विचार करण्याजोगा आहे. पिढ्यान्पिढ्या ज्या घरांत लिहिता-वाचता येणारे कोणी नव्हते, त्या घरांत मुलाच्या पहिल्याच आठवड्यात लेखणी येई, आणि ती देवीसाठी येई. लिहिणारी दुसरी, लिहिलेले न वाचता येणारे, आणि लिहिल्याप्रमाणे भोगावे लागणारे, ही दैवाची व्याख्या शेतकऱ्याच्या प्रत्यक्ष अनुभवाशी तंतोतंत जुळत होती. सावकाराचे खत याच प्रकारचे होते. ‘खत’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ रेघ, लेखन. ललाटरेषा आणि कर्जरोखा हे दोन्ही त्याच्या लेखी न वाचता येणारे लेख होते.

या ठिकाणी जोतीराव फुले यांच्या कार्याचे महत्त्व ध्यानात येते. १८५५ साली त्यांनी लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ या नाटकात एक जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहपीडेचे भय घालून त्या दांपत्याला लुबाडतो. शेवटी ते दोघे शिक्षणाची वाट धरतात. जन्मापूर्वीच बाळाच्या दैवाची किंमत वसूल करणाऱ्याला फुल्यांनी दिलेले उत्तर प्रतिशास्त्र नव्हते. अक्षरओळख हे होते. लेख वाचता येऊ लागला की तो दैव राहत नाही, कागद होतो. १८६९ च्या त्यांच्या पोवाड्यात शिवाजी महाराज ‘कुळवाडीभूषण’ झाले. शिवनेरीचा जन्म त्यांनी ग्रहांच्या पंक्तीतून उचलून शेतकऱ्यांच्या पंक्तीत आणला. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने ओतूर परिसरात मूळ धरले आणि पुरोहितावाचून लावलेल्या विवाहांवरून ग्रामजोश्यांशी कोर्टकज्जे झाले. मुहूर्त सांगणाऱ्याचा हक्क हाही एक वतनी वाटाच होता, हे त्या कज्ज्यांनी उघड केले.

याच सुमारास, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातीलच सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला आणि पुढील काही दिवसांत पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावी कर्जरोखे जाळले गेले. १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. कपाळीचा लेख पुसता येत नाही म्हणणाऱ्या समाजाने एक लेख जाळून पाहिला आणि त्याचा परिणाम झाला. दैवकल्पनेच्या इतिहासात या घटनेची नोंद सहसा होत नाही; ती व्हावयास हवी.

७

एकोणिसाव्या शतकात इतिहासलेखकांनी हाच प्रश्न वेगळ्या नावाने मांडला. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिला. त्यात मराठ्यांचा उदय सह्याद्रीच्या रानातील वाळल्या गवतात वणवा पेटावा तसा कल्पिला आहे. वणव्याला हेतू नसतो. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या उपमेला हरकत घेतली. हा उदय आकस्मिक नव्हता. संतांनी मनाची मशागत केली होती, ग्रामसंस्था होत्या, अनेक कर्ती माणसे एका कामाला लागली होती, असे त्यांचे प्रतिपादन. रानड्यांनी यदृच्छा नाकारली आणि अवतारही नाकारला. दोहोंच्या जागी कारणपरंपरा ठेवली. ‘गीतारहस्या’त (१९१५) टिळकांनी कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर स्वतंत्र प्रकरण लिहून कर्माच्या चक्रातही प्रयत्नाला जागा आहे हे शास्त्रीय पद्धतीने दाखविले. मंडालेच्या तुरुंगात बसून, जेथे माणसाच्या हाती फार थोडे उरते तेथे, हे प्रकरण लिहिले गेले याचे विस्मरण होऊ नये.

आणि मग महाळुंग्याचा जन्म. बाबू गेनू पोटासाठी मुंबईस गेले, गिरणीत कामाला लागले, आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात विदेशी कापडाने भरलेल्या मोटारीपुढे आडवे होऊन त्यांनी प्राण दिला. त्यांचे वय बावीस-तेवीस वर्षांचे होते. या चरित्राच्या लेखकापुढे परमानंदाची कोणतीही सामग्री नाही. कुळी नाही, कुंडली नाही, दृष्टांत नाही. दैवाचे शब्द वापरून पाहिले तर ते चरित्राला बसत नाहीत: मोटार अंगावर आली हे ‘नशिबी होते’ म्हटले की सत्याग्रहाचा अपघात होतो. म्हणून येथे लेखकाला दुसरा शब्द लागतो, ‘हुतात्मा’, ज्याने स्वतःची आहुती दिली तो. या शब्दात कर्ता आणि कर्म एकच आहे. दैववाचक शब्दांनी भरलेल्या भाषेत या शब्दाने आपले स्थान इतक्या लवकर मिळवले, याचे कारण ते स्थान रिकामे होते.

८

येथे व्याकरणाची थोडी साक्ष काढणे उपयुक्त होईल. ‘नशिबी आले’, ‘वाट्याला आले’, ‘कपाळी लिहिले होते’, ‘योग नव्हता’ या सर्व प्रयोगांत कोणी केले ते सांगितलेले नसते. माणूस येथे सप्तमीत किंवा चतुर्थीत, म्हणजे घटना उतरण्याचे ठिकाण म्हणून येतो. उलट ‘त्याने किल्ला बांधला’, ‘तिने शाळा काढली’ असे भूतकाळात म्हणावयाचे तर मराठीत कर्त्याला तृतीयेचा प्रत्यय लावून उभे करावेच लागते. दैवाची भाषा आणि प्रयत्नाची भाषा यांतील भेद हा असा कर्ता लपविण्याचा आणि कर्ता दाखविण्याचा आहे.

आज पुस्तकांच्या दुकानांत यशाचे मार्ग सांगणाऱ्या मराठी पुस्तकांची रांग मोठी आहे. शिवाजी महाराजांच्या चरित्रातून व्यवस्थापनाचे धडे काढणारी पुस्तकेही त्यांत आहेत. आपले भाग्य आपल्याच हाती आहे, हा त्यांचा सामान्य सूर. हा सूर खोटा नाही, परंतु अपुरा आहे. सर्वत्र ‘तू’ हा एकच कर्ता ठेवल्यामुळे बाकीचे सारे कर्ते दिसेनासे होतात. पूर्वी दैवाने कर्ता लपविला. आता एकाच कर्त्याने इतरांना झाकले. यश आले तर तुझे, अपयश आले तरी तुझेच, असे म्हणणाऱ्या ग्रंथाने समर्थांच्या करंट्याला पुन्हा एकटे पाडले आहे.

याचे उदाहरण आंबेगाव तालुक्यातच आहे. कुकडी प्रकल्पाचा भाग असलेल्या, घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगाव याच जलाशयाखाली गेले. खालच्या शिवारांना पाणी मिळाले, वरच्यांची घरे आणि जमिनी गेल्या. अशा वेळी मराठी माणूस सहज ‘आमच्या वाट्याला हे आले’ असे म्हणून जातो. शब्द अगदी बरोबर आहे. केवळ तो पूर्ण ऐकला पाहिजे. वाटा आला म्हणजे वाटणी झाली, आणि वाटणी झाली म्हणजे ती कोणी तरी केली. धरणाचे पाणी खाली नेण्याच्या व्यवस्थेलाही आपण पाणीवाटप असेच म्हणतो. येथे सटवाई नाही. आराखडे आहेत, ठराव आहेत, सह्या आहेत. ज्याचे घर बुडाले त्याला केवळ ‘प्रयत्न कर’ असे सांगणे अन्यायाचे होईल, आणि ‘नशिबात होते’ असे सांगणे त्याहून अधिक अन्यायाचे होईल.

एवढ्या विवेचनातून जो निष्कर्ष निघतो तो असा. दैवकल्पना ही मराठी मनाची जन्मजात दुर्बलता नव्हे. जुन्नरच्या लेण्यांतील दाते, ‘दासबोधा’चे कर्ते, रोखे जाळणारे शेतकरी यांपैकी कोणीही हात जोडून बसले नव्हते. ती एका विशिष्ट समाजव्यवस्थेतील वाटणीची सावली आहे. स्फूर्तिदायक चरित्राने ही सावली झटकून टाकावी असेही नाही, कारण शोकाच्या वेळी माणसाला तिचा आसरा लागतो, हे तुकोबांना ठाऊक होते. चरित्रकाराचे आणि त्याहून अधिक इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य एवढेच की, जेथे जेथे ‘घडले’, ‘आले’, ‘लिहिले होते’ असे क्रियापद भेटेल तेथे थांबून कर्ता विचारावा. शिवनेरीच्या जन्माविषयी हा प्रश्न विचारला म्हणजे ग्रहांमागे उभा असलेला कवी, आणि कवीमागे उभी असलेली राज्य मिळविणारी माणसे दिसू लागतात. महाळुंग्याच्या जन्माविषयी विचारला म्हणजे शेतकऱ्याच्या मुलाला गिरणीत नेणारी परिस्थिती आणि मोटारीपुढे आडवे होण्याचा त्याचा स्वतःचा निश्चय, ही दोन्ही वेगवेगळी दिसतात. या दोहोंचे नीट पृथक्करण करून जे चरित्र लिहिले जाईल ते वाचकाला केवळ वंदन करावयास लावणार नाही, आणि त्याला त्याच्या दारिद्र्याचा दोषही देणार नाही. विद्यापीठांतील चरित्रलेखनाच्या अभ्यासाने हे पृथक्करण हाती घ्यावे. सामग्री आपल्या दाराशीच आहे.